नळाबरोबर गडरलाइनही मंजूर करा

हजार घरांची एक वसाहत घ्या. घरटी पाच माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी. भूमिगत गटारे असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेने ठरवून दिलेले हे प्रमाण आहे. म्हणजे त्या वसाहतीत रोज पावणेसात लाख लिटर पाणी येते. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन घराबाहेर पडते, असे धरूनच सगळे अभियंते हिशेब मांडतात. ते झाले पाच लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ५४ टँकर, रोजच्या रोज. हे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर पाणी देण्याच्या मंजुरीतच नसेल, तर ती मंजुरी अर्धी आहे. नागपुरात आणि नागपूरच्या भोवती कित्येक वर्षे आपण अशा अर्ध्या मंजुऱ्या देत आलो आहोत, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत कुणीतरी दुसरेच मोजत आले आहे.

सरकारी फाइल कशी चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. सर्वेक्षण होते, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो, अंदाजपत्रक लागते. तांत्रिक मान्यता बहुतेक वेळा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून मिळते, प्रशासकीय मान्यता शासनाच्या विभागाकडून. मग निविदा, मग कार्यादेश. काम लांबले आणि खर्च वाढला की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. या वाटेवर प्रश्न कमी विचारले जातात असे अजिबात नाही. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, बारमाही आहे का, तीस वर्षांनी लोकसंख्या किती होईल, टाकी किती उंच हवी, शेवटच्या घरापर्यंत दाब पोचेल का, जलवाहिनी कोणत्या व्यासाची असावी. सगळे रास्त प्रश्न आहेत आणि त्यांची नेमकी उत्तरे देणारे अभियंते आपल्याकडे आहेत. पण मोरीतून बाहेर पडलेले पाणी पुढे कुठे जाईल, हा प्रश्न त्या फायलीत नसतो. तो दुसऱ्या फायलीचा विषय समजला जातो. ती फाइल दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या योजनेच्या लेखाशीर्षाखाली, पाच-दहा वर्षांनी उघडते. कित्येकदा उघडतच नाही.

खरे तर शास्त्राने पाहिले तर क्रम उलटा हवा. पिण्याचे पाणी दाबाने वाहते. ते चढावर चढते, वळणे घेते, तीन फुटांवर पुरलेल्या नळीतूनही जाते. सांडपाण्याला उतारच लागतो. नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. नाग नदी अंबाझरीकडून निघून शहराच्या मधून पूर्वेला जाते ती त्याच उतारामुळे, आणि भांडेवाडीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे तेही त्याच कारणाने. मुख्य गटारवाहिनीला हा उतार सोडता येत नाही. ती जितकी लांब जाते तितकी खोल जाते, कधी चार तर कधी पाच मीटर. तिच्यासाठी वाटेत जागा राखलेली नसेल तर नंतर ती मिळत नाही, कारण तोवर तिथे घरे, दुकाने आणि मंदिरे उभी राहिलेली असतात. म्हणून नकाशावर पहिली रेष गडरलाइनची, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीची, पडायला हवी. तिच्या अनुषंगाने रस्ते, आणि रस्त्यांच्या कडेने पाण्याची नळी. आपल्याकडे आधी प्लॉट पडतात, मग वीज येते, मग नळ, मग सिमेंटचा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी तोच रस्ता फोडायला गडरलाइनवाले येतात. सिमेंट रस्त्यांवर शहराने टप्प्याटप्प्याने मोठा खर्च केला. अनेक गल्ल्यांत रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला आणि पावसाचे पाणी अंगणात शिरू लागले. त्या रस्त्यांखाली काय असायला हवे होते, याची यादी रस्त्याच्या मंजुरीआधी कुणी मागितली असती तर पुढचा बराच खर्च आणि त्रास वाचला असता.

दक्षिणेला बेसा, घोगली, बेलतरोडीच्या पट्ट्यात आतल्या बाजूच्या लेआउटमध्ये एकदा पायी फिरून यावे. फाटकाशी नळाचा मीटर आहे. त्याच्या पुढ्यात उघडी नाली. नाली चार घरे पुढे जाते आणि रिकाम्या प्लॉटच्या तोंडाशी संपते. त्या प्लॉटमध्ये बारा महिने पाणी आणि बेशरमाची झाडी. पोर्चच्या फरशीखाली सेप्टिक टँक आहे, त्याला शोषखड्डा. ही काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी शोषायचे थांबवते. जुलै-ऑगस्टमध्ये टँक तोंडापर्यंत भरतो, उपसणारी गाडी बोलवावी लागते, आणि ती गाडी तो मैला कुठे नेऊन सोडते हे ना घरमालक विचारत, ना स्थानिक संस्था. आता यात एक बारीक गोष्ट आहे, जिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे टँक बांधले गेले तेव्हा त्या घरांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी होते, माणसे ते जपून वापरत. मग नळ आला. अंघोळ मोठी झाली, वॉशिंग मशीन आली, अंगण धुतले जाऊ लागले. पाणी वाढले, टँक तेवढाच राहिला. नळयोजनेच्या यशानेच गल्ली ओली केली. यात रहिवाशांचा दोष नाही. त्यांना नळ देणाऱ्यांनी पुढचा हिशेब मांडला नव्हता.

आणि ही ओल परत नळात येते. घरचा जोड बहुतेक ठिकाणी नाली ओलांडून जातो. ज्या भागात पाणी ठरावीक तासच येते तिथे उरलेल्या वेळी नळी रिकामी असते, आणि रिकाम्या नळीला जोडापाशी बारीक फट असली की बाहेरचे पाणी आत झिरपते. त्यात कुणी नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर, लावली की नळीत ओढ तयार होते आणि नालीतले पाणी सरळ आत खेचले जाते. सकाळचे पहिले पाणी गढूळ येते म्हणून बाया ते सोडून देतात, ते यामुळेच. काविळीची आणि टायफॉइडची साथ आली की आपण पाणीपुरवठ्याला दोष देतो. पण निम्मा आजार सांडपाण्याच्या बाजूचा असतो. चोवीस तास पाणी हवे, याचे एक भक्कम कारण नळीत सतत दाब राहावा आणि बाहेरचे आत येऊ नये हे होते. तेच कारण गटारे बंदिस्त करायलाही लागू पडते.

शहराने पाण्यासाठी हात दूरवर पोचवला. आधी अंबाझरी, मग गोरेवाडा, मग कन्हान, मग पेंच. चाळीस किलोमीटरहून लांबच्या नवेगाव खैरीहून पाणी आणले. २०११ मध्ये महापालिकेचा एका खासगी कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला आणि मार्च २०१२ पासून दहाही झोनमध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेचे काम सुरू झाले. त्या करारावर वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल: पाण्याच्या बाजूने कुणीतरी २५ वर्षांचा हिशेब कागदावर आणला, गळती मोजायचे ठरवले, मीटर बसवले. करार पाण्यापुरताच होता. सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी कुणी २५ वर्षांना बांधून घेतले नाही.

आज शहराला साडेसहाशे एमएलडीच्या आसपास पाणी दिले जाते; एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. ८० टक्क्यांच्या हिशेबाने सव्वापाचशेच्या घरात सांडपाणी झाले. भांडेवाडीतल्या दोन मोठ्या प्रकल्पांची क्षमता २०० आणि १३०, मिळून ३३० एमएलडी. बाकीचे बहुतांश नाग, पिवळी आणि पोरा या तीन नद्यांच्या वाट्याला येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली, तेव्हा लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत आलेले पाणी नुसते पावसाचे नव्हते. घरे धुऊन काढणाऱ्यांना त्याचा वास चांगलाच आठवत असेल.

भांडेवाडीचे उदाहरण मात्र मुद्दाम सांगण्याजोगे आहे, कारण दोन्ही बाजू एकत्र धरल्या तर काय होते ते तिथे दिसते. कोराडीच्या वीज केंद्राला थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते. तिथे धरणातले ताजे पाणी देण्याऐवजी महानिर्मितीला शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यायचे ठरले. वीज कंपनी त्याचे पैसे महापालिकेला देते, धरणातले तेवढे पाणी वाचते आणि नदीत जाणारा मैला कमी होतो. या प्रयोगाची दखल देशभर घेतली गेली, ती योग्यच होती. तो जमला, कारण पाणी घेणारा आणि सांडपाणी देणारा सुरुवातीपासून एका टेबलाशी बसले होते. अपवाद म्हणून जे झाले ते नियम म्हणून करायला कुणाची हरकत आहे?

हरकत पैशाच्या रचनेत आहे, आणि याबद्दल शहरात फार कमी बोलले जाते. नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प १,९२७ कोटींचा आहे. आधीचा अंदाज साधारण साडेबाराशे कोटींचा होता. वर्षे गेली तसा आकडा वाढत गेला. या प्रकल्पात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा २५ आणि महापालिकेचा १५. आता हेच गटाराचे काम शहरांच्या पाणी आणि सांडपाण्यासाठी असलेल्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत बसवले, तर दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला केंद्राकडून मिळतात २५ टक्के. म्हणजे गटारवाहिनी घालायची ती घालायचीच, पण सांडपाणी नदीपर्यंत पोचून नदी नासेपर्यंत थांबलात तर केंद्र दुपटीहून अधिक पैसे देते. असे करा म्हणून कुणी सांगितले नसेल. पण तिजोरीत खडखडाट असलेली कोणतीही महापालिका अशा रचनेत काय करील, हे सांगायला जाणकार लागत नाही. प्रतिबंधाला कमी आणि उपचाराला जास्त अशी ही वाटणी बदलायला हवी, आणि ती बदला म्हणून दिल्लीत मागणी करण्याचे वजन नागपूरच्या लोकप्रतिनिधींइतके फार थोड्या शहरांकडे असेल.

उपचार होईपर्यंत पाणी थांबत नाही. नाग आणि पिवळी पूर्वेला जाऊन कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला. कुही तालुक्यात आंभोऱ्याला संगमाच्या ठिकाणी आता गोसीखुर्द धरणाचे फुगलेले पाणी असते. नागपूरचे लोक सुटीच्या दिवशी तिथे चैतन्येश्वराच्या दर्शनाला आणि फिरायला जातात. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. त्याच्यासाठी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या गावांनी जमिनी आणि घरे दिली. ज्यांनी हे दिले त्यांच्या धरणात आपले सांडपाणी साठते आहे. भंडाऱ्याची माणसे वैनगंगेच्या पाण्याबद्दल कितीतरी वर्षे तक्रार करत आहेत. आपल्या एखाद्या वसाहतीच्या नळयोजनेवर सही होते तेव्हा तिचे परिणाम भोगणाऱ्या या माणसांचे नाव त्या फायलीत कुठेच येत नाही. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते. आपल्या गल्लीतून वाहून गेलेला मैला कुठल्यातरी गावाच्या घाटावर उभा राहतो, आणि त्या गावाला आपण कधी विचारलेलेही नसते.

आणखी एक अडचण हद्दींची. पाण्याचा उतार सातबारा पाहत नाही. पोरा नदीचे खोरे दक्षिण नागपुरातून बाहेरच्या गावांत जाते. त्यात काही भाग महापालिकेचा, काही एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) जुन्या लेआउटचा, काही २०१७ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, काही ग्रामपंचायतींचा आणि नगरपंचायतींचा. नळयोजना प्रत्येकाची वेगळी असू शकते, तिथे ते चालून जाते. गटारवाहिनी वेगळी असूच शकत नाही. वरच्या गावाचे पाणी खालच्या वस्तीतूनच जाणार. कागदावर गाव असलेल्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या आहेत, पण ग्रामीण नळयोजनांच्या जलजीवन मिशनच्या हिशेबात तिथे माणशी ५५ लिटर आणि सांडपाण्याला शोषखड्डा. त्या खड्ड्यात सात मजल्यांचे पाणी कसे मावणार? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली ती नेमक्या अशा प्रश्नांसाठी. खोरे धरून नियोजन करायचे असेल तर मान्यता देणारी जागाही खोऱ्याएवढी हवी.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. तहानलेल्या वस्तीला गडरलाइन मंजूर होईपर्यंत पाणी देऊ नका, असे म्हणायचे आहे का? जुलै २०१९ मध्ये पेंचवरचे तोतलाडोह धरण तळाला गेले आणि अख्ख्या शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले, तेव्हा सुखवस्तू वस्त्यांचीही कशी तारांबळ उडाली ते आपण पाहिले. ज्यांना कायमच टँकरची वाट पाहावी लागते त्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून जुन्या, वसलेल्या वस्त्यांबाबत माझी मागणी वेगळी आहे. पाणी लगेच द्या, पण मान्यता दोन्हींची एकत्र द्या. एकाच शासन निर्णयात, एकाच अंदाजपत्रकात, सांडपाण्याचा पैसा वेगळा राखून आणि त्याची तारीख लिहून. पाण्याचे काम आधी सुरू होईल, चालेल. दुसरे काम त्याच कार्यादेशाचा भाग असेल, म्हणजे ते पुढच्या निवडणुकीच्या आश्वासनांत जाणार नाही.

नव्या लेआउटचे तसे नाही. तिथे अजून कुणी तहानलेले नाही, तिथे फक्त विकणारा आणि घेणारा आहे. नागपूरला ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. अनधिकृत लेआउटचे हे दोन गट दशकानुदशके नियमितीकरण, डिमांड नोट आणि विकासशुल्कात अडकलेले आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांसाठी केला होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून प्लॉट घेतला त्यांना सामावून घ्यावेच लागेल. पण दर वीस वर्षांनी रेष पुढे सरकवायची असेल तर ज्याने प्लॉट पाडून विकले तो कायमचा सुटतो आणि गटाराचा खर्च सगळ्या शहरावर पडतो. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिच्यासोबत सांडपाणी प्रक्रियेची अट येते. प्लॉट पाडून विकणारा त्यात सापडत नाही. अकृषक परवानगी आणि लेआउटचा नकाशा मंजूर करतानाच त्याला विचारा: तुझ्या सर्वांत खालच्या प्लॉटचे सांडपाणी कोणत्या मुख्य वाहिनीला, कोणत्या पातळीवर जोडले जाईल? वाहिनी नसेल तर प्रक्रियेची सोय करून ती चालवण्याचे पैसे आधी जमा कर. उत्तर नसेल तर मंजुरी नको.

चालवण्याच्या पैशाबद्दल दोन शब्द. प्रक्रिया केंद्र बांधणे सोपे, त्याचे वीजबिल दर महिन्याला भरणे अवघड. पंप बंद पडला की मैला आधीच्याच वाटेने नदीत जातो आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. म्हणून प्रशासकीय मान्यतेत बांधकामाच्या खर्चाइतकाच ठळक पुढच्या पंधरा वर्षांचा देखभालीचा खर्च आणि तो कुठून येणार हे लिहिलेले हवे.

आणि हे सगळे लोकांना आधी दिसले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांची राजवट आली. नाग नदीच्या प्रकल्पाला केंद्राची मान्यता मिळाली त्या काळात शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी कोणत्या गल्लीत पाणी उलटे येते हे त्याला ठाऊक नसते. विकास आराखड्यावर कायद्याने हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. पाणी आणि सांडपाण्याच्या योजनेवर तशा मागवल्या जात नाहीत. नागरिकाला ती कळते ती खोदकाम सुरू झाल्यावर. प्रकल्प अहवाल मान्यतेला पाठवण्याआधी त्याचे नकाशे मराठीत, झोन कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत महिनाभर लावून ठेवा. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची देशातली संशोधन संस्था १९५८ मध्ये याच शहरात सुरू झाली, आज आपण तिला नीरी म्हणून ओळखतो; अशा नकाशाची तपासणी करायला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत. पण नकाशातला नाला पाच वर्षांपूर्वीच बुजवला गेला आहे, अमुक चेंबरमधून दर पावसाळ्यात मैला उसळतो, तमुक ओपन स्पेसच्या जागी आता मंगल कार्यालय आहे, हे तज्ज्ञ सांगू शकणार नाहीत. ते तिथे राहणारी माणसे सांगतील. त्यांनी सांगितलेले प्रत्येक म्हणणे आणि त्यावर अभियंत्याने दिलेले उत्तर मान्यतेच्या प्रस्तावाला जोडलेले असावे, आणि ते नसेल तर प्रस्ताव मंत्रालयातून परत पाठवावा.